होळीच्या गाठ्या घरी करायच्यात, साचा नाही. काय करू?

लातूरची_लेक: आमच्या गल्लीत बारा लेकरं आहेत. लहानपणी होळीच्या दिवशी आजी साखरेचं हारकडं गळ्यात घालायची अन् दुपारपर्यंत निम्मा हार पोटात गेलेला असायचा. यंदा शेजारपाजारी घरच्या गाठ्या वाटाव्यात असं मनात आलं. काल पहिला घाणा काढला: अर्धा किलो साखर, वाटीभर पाणी अन् पांढऱ्याशुभ्र व्हाव्यात म्हणून अर्धं लिंबू पिळलं. आप्पेपात्राला तूप लावून दोरा ठेवला, पाक ओतला. रात्रभर ठेवूनही चिकटच. सकाळी दोरा ओढला तर नुसता दोराच हातात आला, खाली पाकाची तार लोंबायलेली. नवरा म्हणतोय विकत आण. मला करायच्याच आहेत. सांगा काहीतरी.

परभणीच्या_काकू: अगं बाई, अर्धं लिंबू! आंबटानं साखर फुटते, मग ती पुन्हा दाणा धरत नाही. गुलाबजामच्या पाकात लिंबाचे थेंब टाकतो ते याचसाठी, तिथं पाक गोठायला नको असतो. इथं गोठायलाच पाहिजे. मळी काढायची तर उकळत्या पाकात चमचाभर दूध घाल, वर फेस येईल तो झाऱ्यानं काढून टाक. दोनतारीवर थांबू नकोस. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघ, बोटांत टणक गोळी वळली की गॅस बंद.

आता खरं काम. पळीच्या पाठीनं पाक कढईच्या कडेला घोटत राहायचा. आधी काहीच होत नाही, हात भरून येतो. मग एकदम कडेला दुधाळ पट्टा दिसतो. तो पाकात मिसळायचा अन् लगेच ओतायचं. तेवढ्यात कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

हिशेबी_माणूस: थर्मामीटर असेल तर 115 ते 120 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. अन् ताई, पाव किलोच्या वर घाणा घेऊ नका, निम्मा ओतेपर्यंत उरलेला कढईतच गोठतो. गोठला तर दोन चमचे पाणी घालून परत उकळा, वाया काही जात नाही.

बीडचा_बाप्पा: एवढी साखर लेकरांना? शेंगदाण्याचे लाडू वाटा की.

परभणीच्या_काकू: लाडू गळ्यात घालता येतेत का ओ बाप्पा? वर्षातून एक दिवस आहे.

नांदेडची_सून: आप्पेपात्रच वापरा, फक्त तूप अगदी बोट फिरवण्यापुरतं. दोरा सुती अन् पांढराच घ्या. मी एकदा लाल रेशमाचा घेतला, सगळ्या गाठ्या गुलाबी. कड्याच्या नादी लागू नका, मधे वाटी ठेवून बघितलं होतं, गार झाल्यावर वाटी निघेना. अन् फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्या की दव सुटतं. आपल्याकडची मार्चची कोरडी हवा बरी, डब्यात पाडव्यापर्यंत टिकतात. माझ्या माहेरी रत्नागिरीला चार दिवसांत पाझरतात.

लातूरची_लेक: पाडव्याला गुढीलाही याच चालतील?

परभणीच्या_काकू: न चालायला काय झालं? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. एक माळ आधीच बाजूला काढून ठेव, घरात लेकरं असतील तर वरच्या फळीवर.

लातूरची_लेक: केल्या! लिंबू नाही, दूध घातलं, पाव-पाव किलोचे तीन घाणे. पहिला घोटताना जरा जास्तच झालं, कढईतच वाळूसारखा झाला, पाणी घालून परत उकळला. दुसऱ्यापासून जमलं. आप्पेपात्र उलटं करून ठोकलं तर टपटप पडल्या, दोऱ्यासकट. एकदम पांढऱ्या नाहीत, किंचित पिवळट आहेत. बारा हार झाले, तेरावा गुढीचा. शेजारच्या खालांच्या नातवाला काल संध्याकाळीच दिला, त्यानं दारातच पहिला मणी फोडला. आता खाला विचारायलेत, पाक कसा केला ते.

बाप्पा, तुमचा पत्ता असता तर एक तुम्हालाही धाडला असता.

बीडचा_बाप्पा: नको म्हणलो नव्हतो मी.