कल्पित जगातल्या उत्तरेकडच्या खडकाळ बेटांवर माणसं जगतील कशी?

नकाशेवाला_नाशिक:
नमस्कार मंडळी, मी सातपूरला कंपनीत आहे आणि गेली दोन वर्षं रात्री जेवणं झाली की एका कल्पित जगाचा नकाशा काढत बसतो, आधी मित्रांसोबत खेळायच्या गेमसाठी होता, आता त्यावर कादंबरी लिहायचं मनावर घेतलंय. खालचा सगळा भाग झालाय. अडलंय ते वर उत्तरेला. तिथे गार समुद्रात सात खडक काढलेत, नाव ठेवलंय सात भावंडं, जवळात जवळचा किनारा होडीने दोन दिवसांवर. सगळ्यात मोठं बेट थोरली, आपल्या पांडवलेणीच्या डोंगराएवढं, बाकी नुसते सुळके. थोरलीवर साठ-सत्तर माणसांची वस्ती हवीये.

पण मी आयुष्यात बर्फ बघितलेला नाही. थंडी म्हणजे मला निफाडला मामाच्या मळ्यातली माहिती, पारा 5-6 वर आला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला आम्ही पोरंपण उठायचो, धुराने डोळे चुरचुरायचे आणि मामी चहाची किटली घेऊन बांधावर यायची. आता तिथे झाडच नाही तर ही माणसं जाळणार काय? खाणार काय? दक्षिणेला दगडी धक्क्याचं एक बंदर काढलंय ते चालेल का? कोणी वाचलं असेल तर प्लीज नीट सांगा, मला उगाच काहीतरी ठोकून द्यायचं नाहीये.

पाणपक्षी_वेडी:
खाण्याची काळजी सोडा, असल्या समुद्रात खायला भरपूर असतं. गार पाणी ढवळलं जातं, खालचं खत वर येतं, उन्हाळ्यात दिवस लांबलचक, त्यामुळे बारीक जीव प्रचंड वाढतात, त्यावर मासे आणि माशांवर लाखो पक्षी. आणि पक्ष्यांना अंडी घालायला असा कडा लागतो जिथे कोल्हा-उंदीर पोचत नाही, म्हणून सगळे असल्या मोजक्या खडकांवरच दाटी करतात. आपल्या नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पक्षी येतात ते पाण्यावर पसरलेले असतात, तिथे एकावर एक मजले चढवल्यासारखे कड्याला चिकटलेले असतात.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाची बेटं आहेत त्यावर जरूर वाचा. तिथली माणसं शेकडो वर्षं गॅनेट, फुलमार, पफिन हे समुद्रपक्षी खाऊन जगली. पण पफिन एप्रिल ते ऑगस्टच असतो, गॅनेटपण हिवाळ्यात निघून जातो, म्हणून वर्षभराचं साठवावं लागायचं. त्यासाठी दगडी कोठ्या, त्यांना क्लेट म्हणतात, एकट्या हर्टा या तिथल्या मुख्य बेटावर बाराशेच्या वर आहेत. चुना-माती न लावता नुसते दगड रचायचे, फटीतून वारा आरपार जाऊन आतलं सुकतं, आणि छपरावर मातीसकट गवताचा थर म्हणजे पाऊस आत नाही. तुमच्या थोरलीवर घरांपेक्षा कोठ्या जास्त दिसायला हव्यात.

आणि बेट लहान आहे हो. स्कॉटलंडचंच नॉर्थ रोना बेट साधारण 1 चौरस किलोमीटरचं, तिथे पाच घरं आणि तीसेक माणसं होती. साठ-सत्तर हवी असतील तर बेट वाढवा.

गडवाटा:
ते बंदर आधी पुसा!! मोकळ्या समुद्रातल्या खडकाला धक्का टिकत नाही, लाट हजारो मैलांवरून येते आणि वारा पडला तरी पाणी दोन-तीन माणसांच्या उंचीएवढं वरखाली होतच राहतं. उतरायचं म्हणजे होडी खडकाजवळ न्यायची, लाटेने उचलली की सगळ्यात वर असताना एकाने कमरेला दोर बांधून उडी मारायची, चुकला तर ओढून घ्यायचा. उतरता येईल असे दिवस वर्षात किती, हे आधी ठरवा, मग वस्ती ठरवा.

सेंट किल्डाचीच गोष्ट. 1727 मध्ये तीन पुरुष आणि आठ मुलं स्टॅक अन आर्मिन नावाच्या सुळक्यावर पक्षी धरायला उतरवली, सुळका 196 मीटर उंच, नुसता कातळ. मागे गावात देवीची साथ आली आणि होडी न्यायला पुरेशी माणसंच उरली नाहीत. ते अकरा जण अख्खा हिवाळा तिथे, 1728 च्या मे महिन्यात सुटका झाली. सगळे जिवंत. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती, त्या आठ पोरांना समोर आपलं बेट दिसत असणार आणि होडी का येत नाही ते कळत नसणार.

दोराला जपा कथेत. आपण हरिहरच्या पायऱ्या चढतो तिथे हात घालायला खोबणी तरी आहेत, ती माणसं अनवाणी, घोड्याच्या केसांच्या दोरावर लोंबकळायची. तिथे दोर म्हणजे घरातली सगळ्यात मोलाची वस्तू.

निवृत्त_भूगोल:
आधी समुद्रप्रवाह काढा. प्रवाह उबदार असेल तर इतक्या उत्तरेलाही समुद्र गोठत नाही, स्कॉटलंडचं तेच आहे, आणि त्याच अक्षांशावर पलीकडे कॅनडातल्या लॅब्राडोरचा किनारा हिवाळ्यात गोठतो. गोठला तर बर्फावरून कोल्हे चालत येतील, आइसलंडला ध्रुवीय कोल्हा तसाच पोचला असं मानतात, मग पक्ष्यांची वस्ती ताई म्हणतात तशी राहणार नाही.

जळणाचं : गवत मुळं-मातीसकट सोलून वाळवायचं आणि जाळायचं. आइसलंडमध्ये गोठ्यात तुडवून घट्ट झालेलं मेंढ्यांचं शेण कापून, वाळवून जाळत, आपल्या गोवऱ्याच म्हणा ना. दिव्याला फुलमारचं तेल. आणि लाकूड समुद्र आणून देतो, सैबेरियाच्या नद्यांतून वाहिलेले ओंडके आइसलंडच्या किनाऱ्याला लागतात. तुमच्या नकाशात मोठी नदी कुठल्या समुद्राला मिळते ते बघा.

एक सुचवतो. नॉर्थ रोनावर 1680 च्या दशकात उंदीर शिरले आणि त्यांनी धान्य संपवलं, माणसं उपासमारीने गेली, असं त्या काळच्या प्रवासवर्णनात आहे. वादळापेक्षा फुटलेल्या जहाजातला एक उंदीर थोरलीला जास्त घातक आहे.

नकाशेवाला_नाशिक:
सर, ताई, भाऊ, तिघांचे मनापासून आभार, आत्ताच बंदर पुसलं. त्या जागी एक कातळाची उतरंड आणि लोखंडी कडी. थोरली मोठी करत नाही, माणसंच तीस करतो. माझ्या नकाशातली महानदी पूर्वेला वळवली तर तिचे ओंडके बरोबर धाकट्या सुळक्याला लागतात, तो लाकडाचा हक्क कोणाचा यावर दोन घरांचं भांडण सुचलंय. आता फक्त एक, उंदीर आले हे किनाऱ्याला कळवणार कसं? होडी तर हिवाळ्यात निघणार नाही.

पाणपक्षी_वेडी:
सेंट किल्डावर 1877 पासून पत्र समुद्रात सोडायचे. लाकूड कोरून खेळण्यातल्या होडीएवढी होडी करायची, पोटात पत्र, वर 'कृपया उघडा' असं लिहायचं, आणि तरंगायला मेंढीचं फुगवलेलं मूत्राशय बांधायचं. वायव्येचा वारा सुटला की सोडायची. काही स्कॉटलंडला लागायच्या, काही पार नॉर्वेला.