होणाऱ्या नवऱ्याला एचपीव्ही आहे, काय काळजी घेऊ? (प्लीज सल्ला द्या)

कुंदकळी२५:
नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या. वय २५, लग्न दोन महिन्यांवर आलंय. मागच्या आठवड्यात त्याने स्वतःहून सांगितलं की खाली चामखिळीसारखे दाणे आलेत आणि स्किनच्या डॉक्टरांनी एचपीव्ही, म्हणजे संबंधांतून लागणारा व्हायरस, म्हणून सांगितलंय. आमचे संबंध आलेत, कंडोम कधी वापरला कधी नाही. तो म्हणतो माझ्याआधी एकच मैत्रीण होती, चार वर्षांपूर्वी, मग हे आत्ता कसं? मला त्याच्यावर संशय घ्यायचा नाहीये पण डोकं थांबतच नाही. लस आता घेऊन उपयोग आहे का, आणि कॅन्सर होईल का मला?

रातराणी_सिस्टर:
अगं आधी पाणी पी. मी गायनॅक ओपीडीला नर्स आहे, रोज दोनचार जणी हेच विचारतात. चामखीळ बहुतेक वेळा या व्हायरसच्या टाइप ६ आणि ११ मुळे येते, कॅन्सरवाले (गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर) मुख्य १६ आणि १८, ते वेगळे. पण एकाच वेळी दोन प्रकार असू शकतात म्हणून तुझी तपासणी चुकवायची नाही. आणि चार वर्षांचं म्हणशील तर हा व्हायरस वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, कुणाकडून कधी आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही, तेव्हा ती भांडणं नकोच.
लस घे. झालेलं इन्फेक्शन ती बरं करत नाही, पण जे प्रकार अजून तुला लागले नाहीत त्यांच्यापासून वाचवते. तुझ्या वयाला तीन डोस, ०, २ आणि ६ महिने. आपल्या पुण्यात बनणारी सर्व्हावॅक २६ पर्यंत चालते आणि ती या चारही प्रकारांपासून वाचवते, म्हणून फार लांबवू नकोस. मधेच दिवस राहिले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर.

माळरान:
पुरुषाच्या बाजूने सांगतो, मला हेच झालं होतं. दाणे असेपर्यंत आम्ही संबंध पूर्ण बंद ठेवले. डॉक्टरांनी ते गोठवून काढले, दोनदा परत आले मग गेले. कंडोम वापराच पण तो झाकत नाही तिथल्या कातडीतूनही लागतं, म्हणजे धोका कमी होतो, शून्य नाही. त्याला सांगा त्या भागात रेझर फिरवू नको, पसरतं, आणि मेडिकलमधलं पायाच्या चामखिळीचं औषध तिथे चुकूनही लावू नको, भाजतं. सिगरेट असेल तर सोडायला लावा, शरीराला व्हायरस घालवायला जड जातं. त्याने स्वतःहून सांगितलं ना, मला ते सांगायला सहा महिने लागले होते, बायकोला अजून त्याचंच वाईट वाटतं.

कुंदकळी२५:
खूप आभार दोघांचे, काल रात्री पहिल्यांदा नीट झोपले. सिस्टर, मी एचपीव्हीची टेस्ट करू की पॅप? आणि त्याची पण टेस्ट करायची का?

रातराणी_सिस्टर:
पुरुषांसाठी अशी रुटीन टेस्ट नाहीये, डॉक्टर डोळ्यांनी बघतात तेवढंच. तू पॅप कर, त्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी घेऊन तपासतात. तिशीच्या आत एचपीव्ही टेस्ट सहसा करत नाहीत कारण या वयात इन्फेक्शन येतं आणि बहुतेकींचं वर्षदोन वर्षांत आपोआप जातं, उगाच घाबरायला होतं. जे वर्षानुवर्षं टिकतं तेच त्रास देतं आणि त्यालाही कॅन्सरपर्यंत जायला दहा-पंधरा वर्षं लागतात, मधे पकडायला भरपूर वेळ असतो. तिशीनंतर मात्र एचपीव्ही टेस्ट नक्की. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, सव्वा लाखावर बायकांवर अभ्यास झाला होता, २००९ ला छापून आला, एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तुझी आई, मावशी, काकू कुणी ही टेस्ट केली नसेल तर त्यांनाही घेऊन जा.

कुंदकळी२५:
आईला काय कारण सांगू तेच कळत नाहीये, पण नेते. माझी पाळी या शनिवारी येईल, त्याआधी जाऊ का नंतर?

रातराणी_सिस्टर:
नंतर जा, थांबल्यावर चारपाच दिवसांनी. आधीचे दोन दिवस संबंध नको आणि आतून कुठलं क्रीम, गोळी नको. लसीचा पहिला डोस त्याच दिवशी मागून घे.