मारुती 800: पावसाळाभर उभ्या गाडीचा क्लच सुटत नाही, गिअरबॉक्स न उतरवता मोकळा करता येईल का?

नमस्कार मंडळी,

गाडी 2008 ची मारुती 800, घर गुहागर तालुक्यात. जूनमध्ये पाऊस लागला तशी पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली होती, ती आता गणपतीच्या तोंडावर बाहेर काढायला गेलो. बॅटरी चार्ज करून लावली, इंजिन लगेच सुरू झालं. पण गिअर काही पडेना. क्लच पार तळापर्यंत दाबला तरी पहिला गिअर आत जात नाही, रिव्हर्स टाकायला गेलं की खर्रर्र आवाज. इंजिन बंद केलं की सगळे गिअर अलगद पडतात. गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून सेल्फ मारला तर गाडी हिसका देऊन पुढे जाते.

ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, "क्लचप्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मला ते पटत नाही. प्लेट झिजली की क्लच पकडत नाही, म्हणजे इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही. इथे उलट आहे, क्लच सोडतच नाहीये. आणि गाडी उभी केली त्या दिवशी क्लच उत्तम होता.

मी काय काय बघितलं ते सांगतो. या गाडीला केबलचा क्लच आहे, त्यामुळे क्लचचं ऑइल कमी होण्याचा प्रश्न नाही. पेडल ढिलं पडलेलं नाही, पायाला नेहमीसारखंच जड लागतं. बोनेट उघडून भावाला पेडल दाबायला सांगितलं आणि टॉर्च मारून गिअरबॉक्सवरची लिव्हर बघितली. ती व्यवस्थित हलते आणि परत येते. म्हणजे केबल तुटलेली नाही, फार ताणलेलीही दिसत नाही. केबलच्या टोकाचा नट थोडा आवळून बघितला, काही फरक नाही, म्हणून परत होता तिथे आणला. पेडल दाबल्यावर बेअरिंगचा आवाज नाही.

माझा संशय असा की दमट हवेने फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या ज्या जड चाकावर प्लेट दाबून बसते त्याला, गंज धरला आणि प्लेट त्याला चिकटून बसली. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कुलुपालाही गंज चढतो, तिथे अडीच-तीन महिने न फिरलेल्या लोखंडाचं काय! हे निदान बरोबर वाटतं का? आणि असेल तर प्लेट घरच्या घरी सोडवायची कशी? वडिलांना नियमित चिपळूणला दवाखान्यात न्यावं लागतं, दर वेळी रिक्षा करणं आता जड जातंय. घाईचं कारण तेच.

प्रतिसाद

निदान बरोबर वाटतंय. लिव्हर पूर्ण हलते आणि तरी गिअर पडत नाही, तेही उभ्या गाडीत, म्हणजे नव्वद टक्के प्लेट चिकटली आहे. दुसरी शक्यता अशी की गिअरबॉक्सच्या शाफ्टवर प्लेट सरकते त्या खाचा गंजल्या असतील.

आधी इंजिन न्यूट्रलमध्ये चांगलं गरम होऊ द्या. शेडचं दार उघडं ठेवा, धूर आत कोंडायला नको. मग बंद करून गाडी ढकलत मोकळ्या, सपाट जागेत न्या, पुढे कोणी उभं नको. दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबा आणि सेल्फ मारा. गाडी चालू लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा-सोडा, मग ब्रेक मारा. असं करता करता "टक्" आवाज येऊन प्लेट सुटते. सुटली नाही तर ब्रेकवर इंजिन बंद पडेल, त्याने बिघडत नाही. चालत्या गाडीत चावी मात्र पार मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

काही जण पुढची चाकं जॅकवर उचलून हे करतात. कृपया करू नका. चाकं फिरत असताना ब्रेकचा हिसका बसला की गाडी जॅकवरून घसरते. खाली चिरे लावून तर अजिबात नाही, जांभा दगड वजनाखाली फुटतो.

पाच-सहा वेळा करूनही सुटली नाही तर थांबा, उगाच इंजिनाचे माउंटिंग आणि अ‍ॅक्सल झिजवू नका. मग गिअरबॉक्स उतरवणं आलंच. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, क्रँकचं ऑइल सीलही बघून घ्या. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसायची.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना पेडल दाबून सीट आणि पेडलमध्ये लाकडी दांडका अडकवा. प्लेट फ्लायव्हीलपासून सुटी राहते.

धागाकर्ता

मनापासून आभार! देवळामागच्या मैदानात केलं. तिसऱ्या-चौथ्या ब्रेकला "खट्" असा मोठा आवाज आला आणि क्लच सुटला. आता सगळे गिअर पडतात, रिव्हर्ससुद्धा आवाज न करता. चढावर, वरच्या गिअरमध्ये दाबून बघितलं, क्लच घसरत नाही.

एकच राहिलंय. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना थरथरते, एकदा चालू लागली की नाही. फ्लायव्हीलवरचा गंज वापराने घासून जाईल, की प्लेटचं अस्तर कुठेतरी उपटून चिकटून राहिलं असेल? गाडीखाली तेलाचा थेंब नाही. असंच चिपळूणपर्यंत चाळीसेक किलोमीटर वडिलांना घेऊन जायला हरकत नाही ना, की आधी एकट्याने आसपास फिरवून बघू?