खंडी, पायली आणि एक अधोली : किलोत किती?

घाटाखालचा
आजोबांची १९३८ सालची हिशेबाची चोपडी माळ्यावर सापडली. मोडीत आहे, मी अडखळत वाचतो. त्यात भाताची नोंद : दोन खंडी, चार मण, तीन पायल्या, एक अधोली. न्यू जर्सीतली पुतणी घराण्याची हकिगत इंग्रजीत लिहितेय, तिला हे किलोत हवंय. मी गणित केलं. वीस मणांची खंडी, म्हणजे ४४ मण, मणाचे ३७.३२ किलो, झाले १६४२ किलो. पायल्या नि अधोली किरकोळीत सोडून दिल्या. काकांना दाखवलं तर हसायला लागले. "अरे, आपल्याकडे भात कधी कुणी तोललाय? भात मापतात."
मग मी लिहू काय? आणि अधोलीला इंग्रजीत काय म्हणायचं?

राघूमैना
काका बरोबर आहेत. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही मापाची उतरंड. खालून वर प्रत्येक पायरीला दुप्पट. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. गुंज, मासा, तोळा हे वजनाचं घराणं. घोळ होतो तो शेर आणि मण दोन्ही घरांत नांदतात म्हणून. तुम्ही घेतलेला ३७.३२ किलोचा मण हा ऐंशी तोळ्यांच्या शेराचा, चाळीस शेरांचा. तो तराजूचा मण. तुमच्या आजोबांचा मण पायल्यांचा.

तुकडेबंदी
तराजूचा म्हटला तरी कुठला? मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो. त्या हिशेबाने तुमचं भात ५५९ किलो. एकाच नोंदीचे ५५९ आणि १६४२. पुतणीला सांगा, घराणं श्रीमंत हवं की गरीब ते आधी ठरव.

वऱ्हाडी ठेचा
खंडी हा शब्द मेला असं समजून बोलताय का सगळे? आमच्याकडे रुईचा भाव आजही खंडीवर निघतो. ७८४ पौंडांची खंडी, ३५६ किलो धरतात. शेतकरी कापूस विकतो क्विंटलवर, जिनिंगवाला रुई विकतो खंडीवर, आणि गाठ बांधतात १७० किलोची. बापाला अजून कळत नाही की मधल्या मधे भाव कुठं गेला.

घाटाखालचा
म्हणजे खंडी २५४ किलोची, ३५६ किलोची आणि ७४६ किलोची, अशा तीन झाल्या. आणि माझी यातली एकही नाही?

धाकटी पाती
चौथी घ्या. आमच्या धनगर शेजाऱ्यांकडे खंडी म्हणजे वीस मेंढरं. वजन नाही, माप नाही, नुसते वीस नग. आमच्या आजोळी तर "खंडीचं शेत" म्हणत, जितक्या जमिनीत खंडीभर पिकतं तेवढं. एकर, गुंठे नंतर आले.

मांडवीकाठ
गोव्यात वीस कुडवांची खंडी. म्हणजे वीस सुटत नाही कुठेच. पण कुडवाची गंमत बघा. लीलावतीतल्या कोष्टकात खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, आढकाचा चौथा प्रस्थ आणि प्रस्थाचा चौथा कुडव. म्हणजे कुडव हे तिथलं सगळ्यात धाकटं पोर. आमच्याकडे तोच कुडव भाताच्या राशी मोजतो. नाव राहतं, पोट वाढतं.

राघूमैना
मूळ प्रश्नावर येते. आमच्या घरी पितळी पायली आहे. काल मुद्दाम पाणी भरून पाहिलं, साडेचार लिटरच्या थोडं वर. त्यात ज्वारी साडेतीन किलोला जराशी कमी भरली. भात मात्र २.६ किलोच, टरफलामुळे. म्हणजे "पायली म्हणजे किती किलो" याचं उत्तर "कशाची पायली" असंच आहे. आता बारा पायल्यांचा मण धरला तर घाटाखालच्यांचं भात ५३१ पायल्या आणि अधोली, चौदाशे किलोच्या आत.

तुकडेबंदी
बारा कुठून आणलेत? आमच्याकडे सोळा पायल्यांचा मण. मग ७०७ पायल्या आणि अधोली, म्हणजे अठराशेच्या वर.

राघूमैना
आमच्याकडे बाराच.

तुकडेबंदी
तुमचा गाव कुठला ते सांगा, मग बोलू.

खडूस
पायली सपाट की शिगोशीग, हे कुणी विचारलंच नाही. देताना सपाट आणि घेताना शीग लावून, अशा एकाच पायलीच्या दोन पायल्या व्हायच्या. माझे आजोबा मापाला बसायचे तेव्हा पहिल्या मापाला "एक" म्हणत नसत. "लाभ", मग "दोन", "तीन". लहानपणी मला वाटायचं, एक पायली कुणीतरी खाल्ली.

शुद्धमती
चर्चा छान चालली आहे, पण एक टोचतं. इथे सगळे "किलो, किलो" करत आहेत. किलो हे एककच नाही, तो नुसता हजार सांगणारा ग्रीक उपसर्ग आहे. "दोन किलो भात" म्हणजे "दोन हजार भात". निदान किलोग्रॅम म्हणा. आणि जे अडीचशे ग्रॅमला पावशेर म्हणतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. शेर गेला, पाव कशाचा?

खडूस
उद्या भाजीवालीकडे "पाव किलोग्रॅम भेंडी" मागा आणि ती काय म्हणते ते इथे कळवा.

धाकटी पाती
पावशेर गेलेला नाही हो. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, त्याचा पाव २३३. दुकानदार पावशेर म्हणून २५० देतो. सतरा ग्रॅम वर मिळतायत, बिघडलं कुठे?

नथीचा आकडा
बिघडतं ते सोन्यात. सराफाकडे आता तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीचा तोळा ९६ गुंजांचा, ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या यादीत "पाटल्या ४ तोळे". वाटणीच्या वेळी सगळ्यांनी मनात ४० ग्रॅम धरले, काट्यावर निघाले ४६ च्या वर. धाकटे काका म्हणाले, या आजीच्या नव्हेतच, कुणीतरी बदलल्यात. बदलून जास्त सोनं कोण ठेवेल, एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोन वर्षं बोलणं बंद होतं आमच्याकडे.

शुद्धमती
मी हेच म्हणतेय! जुना शब्द नव्या मापाला चिकटवला की असं होतं. १९५६ साली कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनं आली. तेव्हाच तोळा पुसायला हवा होता.

खडूस
कायद्याने शब्द पुसले जात असते तर सोळा आणे खरं कुणी बोललं नसतं.

तुकडेबंदी
जमिनीत उलटं झालंय. सातबारावर हेक्टर-आर, पण तलाठ्यासमोर बसलेला प्रत्येक माणूस आरला गुंठाच म्हणतो. गुंठा १०८९ चौरस फूट, तेहतीस गुणिले तेहतीस. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६ चौरस फूट. गुंठ्यामागे तेरा फुटांचा फरक. घराच्या प्लॉटला कुणी मोजत नाही, पण बांधावर भांडायला पुरतो.

नवटाक्या
नावामुळे बोलणं भाग आहे. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, हे सगळ्यांना माहीत. पण नव का? आमचे एक सर सांगायचे की दारूबंदीत मुंबईत चोरून मिळायची ती "नवी टाकलेली", म्हणून नवटाक.

मांडवीकाठ
सरांना नमस्कार, पण शब्द दारूबंदीच्या फार आधीचा आहे. मुंबईच्या जुन्या शेराचे ७२ टांक. त्याचा आठवा भाग ९ टांक. नव टांक, नवटाक. इतकं सरळ आहे.

नवटाक्या
मग छटाक म्हणजे सहा टांक? शेराचे सोळा छटाक असतात. सोळा सक ९६. बहात्तराचं काय झालं?

मांडवीकाठ
हिंदी कोश छह आणि टांक असंच फोडतात. टांक तिथला वेगळा असणार. छटाक उत्तरेकडचा, नवटाक आपला. दोघांना एका शेरात कोंबलंत तर नाही जमायचं.

शुद्धमती
किंवा यातली एक व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली आहे.

मांडवीकाठ
कुठली ते सांगा ना मग.

वऱ्हाडी ठेचा
अधोलीवरून आठवलं. "पायलीचे पंधरा नि अधोलीचे सोळा" या म्हणीचा हिशेब मला कधी लागला नाही. अधोली पायलीच्या निम्मी, तर त्यात सोळा कसे?

धाकटी पाती
तोच तर टोमणा आहे. पायलीला पंधरा मिळतात म्हणजे आधीच कवडीमोल. पुढे गेलात तर अर्ध्याच मापात सोळा. भाव आणखी पडला.

खडूस
इतकं गणित म्हण करणाऱ्या बाईने केलं नसणार. पंधरानंतर सोळा येतात म्हणून सोळा. आमच्याकडे "पायलीला पन्नास" एवढंच म्हणतात. अधोलीचं नावच नाही.

धाकटी पाती
ज्या बाईला पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ होती तिला हे गणित जड गेलं असेल? माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण अधोलीत किती चिपटी हे झोपेतून उठवून विचारा.

खडूस
आठ.

धाकटी पाती
तुम्हाला नव्हतं विचारलं.

घाटाखालचा
मंडळी, पुतणीचा परत फोन आला. तिला आकडा आज हवाय. चौदाशे लिहू, अठराशे लिहू, की किलो सोडून "दोन खंडी चार मण" तसंच ठेवू? आणि अधोलीला "हाफ पायली" चालेल का?

राघूमैना
तसंच ठेवा आणि खाली एक ओळ द्या, पायलीचं माप गावागणिक बदलायचं म्हणून. आकडा द्यायचाच तर आधी गावच्या पायल्यांचा मण बाराचा की सोळाचा ते काकांना विचारा.

घाटाखालचा
काका म्हणतात, खोताची पायली वेगळी होती आणि आपली वेगळी.

तुकडेबंदी
घ्या!

नथीचा आकडा
मला एक सांगा, चोपडीत "अधोली" असा शब्द खरंच लिहिलाय? हिशेबाच्या चोपड्यांत अपूर्णांक सहसा दंडांनी दाखवतात. एक दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन पाऊण.

घाटाखालचा
शब्द नाहीये. "पायल्या ३॥" असं आहे. साडेतीन म्हणून मीच ते तीन पायल्या, एक अधोली असं उलगडलं.

शुद्धमती
म्हणजे कालपासून आपण ज्या अधोलीवर भांडतोय ती चोपडीत नाहीच!

नथीचा आकडा
फोटो टाका बघू त्या ओळीचा.

घाटाखालचा
टाकलाय. कागद कसरीने खाल्लाय, जरा मोठा करून बघा.

नथीचा आकडा
मला पहिलाच दंड शाईचा दिसतोय. दुसरा कसरीची वाट आहे. सव्वातीन पायल्या.

खडूस
मला दोन्ही शाईचे वाटतात.

राघूमैना
मला तर तो तीनही पाच वाटतोय.