कारखाना चाकणला हलवायचा का?

लेथवाला: आमचा कडबाकुट्टी यंत्रांचा कारखाना पलूस भागात, माणसं २२. गाड्यांच्या सुट्या भागांचं मोठं काम मिळतंय, पण गिऱ्हाइकाची अट आहे की शेड चाकणला हवी. वडिलांनी कारखाना काढला तो शेतकऱ्याचं यंत्र त्याच्या गावाजवळच दुरुस्त व्हावं म्हणून. आजही कोणी गोणपाटात पातं गुंडाळून मोटारसायकलवरून आणतो, आणि चहा होईस्तोवर आम्ही त्याला धार लावून देतो. माझं मन जाऊ नको म्हणतंय.

मोठ्या_शेडचा: जा! शेजारच्या किर्लोस्करवाडीकडेच बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावलाच अडून बसले असते तर? तिथली जागा सोडावी लागली, औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडलचा माळ दिला आणि १९१० साली त्या उजाड जागेवर कारखाना उभा राहिला. ध्येय माणसाबरोबर चालतं, शेडबरोबर नाही.

नांगरट: दाखला अर्धाच दिलात. ते शहर सोडून शेतकऱ्याच्या जवळ आले, कामगारांसाठी वसाहत बांधली. हे उलट्या दिशेला निघालेत. आणि लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते असं लोक म्हणत असताना पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, तरी लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही. इथं जागेबरोबर मालही बदलतोय. मग वडिलांचं राहिलं काय?

मोठ्या_शेडचा: पुढे हरिहर, बंगळूर, पुण्याला किर्लोस्करांचे कारखाने झालेच ना? पगार थकले तर ध्येय कोण सांभाळणार?

नांगरट: झाले, पण वाडीला कुलूप लावून नाही. तिथं आजही पंप बनतात. पुण्याला १९४६ साली निघालेल्या कारखान्याची ऑइल इंजिनंसुद्धा शेतकऱ्याच्या विहिरीवर गेली. चाकणला दुसरी शेड घ्या, कर्ज जरा जास्त होईल, पण इथली मोडू नका. माझ्या मते वाढ आणि स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या चर्चेत आपण त्या एकत्र कालवतोय.

लेथवाला: दोन शेड चालवायचं बळ आत्ता नाही, हे खरं सांगतो. काल सगळ्यांना विचारलं. सातजण यायला तयार आहेत, सगळे बिनलग्नाचे. पात्याला धार लावणारे आमचे काका त्यांत नाहीत. त्यांच्या हाताखाली अजून कुणी तयार झालेलं नाही. गिऱ्हाइकाकडे सहा महिन्यांची मुदत मागतोय. तेवढ्यात दोन पोरं त्यांच्याजवळ बसवतो, मग ठरवू.