दिवा विझत नाही, मग त्याचं काय होतं? (शब्दचर्चा)

धाराशिव :
दसऱ्याला घट उठले. नऊ दिवस अखंड तेवलेल्या दिव्यात आता तेल घालायचं नव्हतं. देवघरापाशी बसलेल्या माझ्या भाचीनं विचारलं, "आत्या, दिवा बंद करू का?" आत भाकरी थापत बसलेली आई तिथूनच म्हणाली, "बंद नको म्हनू माय. शांत होऊ दे त्याला." भाची म्हणाली, "मग विझव म्हटलं तर?" आई काही बोलली नाही. हात धुऊन बाहेर आली, उदबत्तीच्या काडीनं वात हळूच मागं तेलात ओढली, ज्योत बुडाली तशी दिव्याला हात जोडले आणि परत तव्याकडं गेली.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. चूल विझते, शेकोटी विझते. कंदील मालवतात. ट्यूब बंद करतात. देवापुढचा दिवा मात्र शांत होतो. तुमच्या घरी काय म्हणतात ते लिहा. दिवा लावण्याचे शब्दही सांगा, पण माझा जीव त्याला निरोप देण्याच्या शब्दांत जास्त गुंतलाय. दिव्याला आपण कोण मानतो, हे तिथंच खरं कळतं असं मला वाटतं.

परभणी :
ताई, आमच्याकडं 'लाइट गेली' म्हणतात, 'दिवा गेला' असं चुकूनही कुणी म्हणत नाही. आणि फुंकर तर कधीच नाही. तोंडाची वाफ लागली की दिवा उष्टा होतो म्हणायची आजी. ती फुलानं शांत करायची, झेंडूचं फूल तेलात बुडवून वातीवर टेकवायची. दिवा करडीच्या तेलाचा. वातीच्या टोकाला लालसर गाठ धरली की 'दिव्याला फूल आलं' म्हणून सगळ्यांना हाक मारून दाखवायची. ते शुभ मानायचे.

नांदेड :
माझ्या लहानपणी शेजारच्या खाला दिवा मालवायचा असला की लेकीला म्हणायच्या, "चिराग बढा दे." बढाना म्हणजे वाढवणं. मला तेव्हा वाटायचं, वात मोठी करायला सांगतात. नंतर ध्यानात आलं की ही रीत आपल्याही घरात आहे. देवापुढं नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तर वाढली, मंगळसूत्र तुटलं तर वाढलं. ज्याचा शेवट तोंडावाटे काढवत नाही, त्याला वाढ द्यायची. दिव्याच्या बाबतीत उर्दूनं आणि बांगडीच्या बाबतीत मराठीनं एकच केलं, आणि आपण तर दोन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकत वाढलो.

शब्द निघालाच आहे तर समईचं सांगतो. 'शमा' म्हणजे अरबीत मेण, मेणबत्ती. फारसीतून ती आपल्याकडं आली आणि शमईची समई झाली. नाव मेणबत्तीचं, पण ते पितळेच्या, पाच वातींच्या, तेलाच्या दिव्याला चिकटलं, आणि आज समईशिवाय सत्यनारायण होत नाही. शब्द परका म्हणून देवानं परत पाठवला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अठराव्या शतकात औरंगाबादेत एक थोर उर्दू कवी होऊन गेले, सिराज औरंगाबादी. 'सिराज' या शब्दाचा अर्थही दिवाच.

छत्रपती संभाजीनगर :
मी संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. ताईंच्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर पूजेतच आहे. आरंभी दिव्याला गंधफूल वाहताना आपण म्हणतो :

भो दीप देवरूपस्त्वं कर्मसाक्षी ह्यविघ्नकृत् ।
यावत्कर्मसमाप्तिः स्यात् तावत्त्वं सुस्थिरो भव ॥

यातला 'कर्मसाक्षी' हा शब्द पाहा. मी जे करतो आहे ते पाहणारा तू. आणि मागणं एवढंच, की हे कर्म पुरं होईपर्यंत स्थिर राहा. तेल आणि वात म्हणजे वासना आणि अहंकार, ज्योत म्हणजे ज्ञान, असा अर्थ कीर्तनात सांगतात. तोही चांगलाच आहे. पण या श्लोकात दिवा कशाचंही प्रतीक नाही. तो समोर बसलेला कुणीतरी आहे, आणि त्याच्याशी आपण 'तू' करून बोलतो. बोलावून बसवलेल्या साक्षीदाराला कुणी बंद करत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात वारा नसलेल्या जागी ठेवलेला, न हलणारा दिवा ही योग्याच्या चित्ताची उपमा आहे. 'सुस्थिर' म्हणताना मला नेहमी तो आठवतो.

आता दोन व्युत्पत्ती. आरती हा शब्द 'आरात्रिक' यावरून आला. आर्ततेनं म्हणायची म्हणून आरती, हे कानाला गोड लागतं, पण ती मागाहून बसवलेली जोड आहे. निरांजन हे मुळात 'नीराजन', म्हणजे ओवाळणं. राजे आपले घोडे, हत्ती, शस्त्रं ओवाळत त्या विधीचं हे नाव, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ते येतं. क्रियेचं नाव साधनाला मिळालं. पुढं 'निरंजन', म्हणजे ज्याला अंजन नाही, डाग नाही, या शब्दाशी त्याची सरमिसळ झाली आणि तुपाचा, काजळी न धरणारा दिवा म्हणजे निरांजन, असा अर्थ रूढ झाला.

धाराशिव :
गुरुजी, 'साक्षी' वाचून अंगावर काटा आला. आई नऊ दिवस रात्रीतून दोनदा उठून दिवा बघत होती. मला वाटायचं ती दिव्याची राखण करते आहे. आता वाटतं, राखण दिवा करत होता.

पण काजळीला डाग म्हणायला मन होत नाही. आमच्याकडं लेकराचं काजळ दिव्यावरच धरत. एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याची ताटली उपडी, रात्रभर. सकाळी ताटलीला मखमलीसारखा काळा थर. तो बोटानं खरवडून तुपात खलायचा आणि चांदीच्या डबीत भरायचा. बोटाच्या रेषांत शिरलेला तो काळा रंग दोन दिवस जात नसे. म्हणजे डोळ्यातलं अंजन दिव्यानंच दिलं. त्याच दिव्याला 'निर् + अंजन' कसं म्हणू?

वातीवरची काजळी मात्र वेगळी, आणि ती झाडावीच लागते. इथं ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातली ओवी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भगवंत आपण अवतार का घेतो ते सांगताहेत :

मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळीं ।
तैं योगियां पाहे दिवाळी । निरंतर ॥

मी ही ओवी कित्येकदा म्हटली होती, पण या नवरात्रात पहाटे तीनच्या सुमाराला पहिल्यांदा दिसली. दिवा मंद झाला होता. मी तेलाची बुधली उचलली, तर आई म्हणाली, "तेल हाय की. काजळी झाड." वातीचं टोक काडीनं झटकलं, काळा कण ताटात पडला, आणि खोली उजळली. तेलाचा एक थेंबही वाढवला नव्हता. आपेगावच्या त्या माणसानं हेच पाहिलं असणार. ओवीत देव नवा दिवा लावत नाही, तेलही घालत नाही. दिवा आत आहेच, त्याची नुसती काजळी फेडतो. शब्दही 'फेडणे'! जसे डोळ्यांचे पारणे फेडतो, जसे कर्ज फेडतो.

लातूर :
ताई, मी पंचविशीतला आहे, पण आमच्या घरी कुळाचार आहे म्हणून लिहितो. तुळजापूरची भवानी आमची कुलदेवी. लग्नानंतर गोंधळ घातला, त्यात गोंधळी मंडळी पोत पाजळतात. पीळ दिलेल्या चिंध्यांचा पलिता, त्यावर बुधलीतून तेलाची धार. संबळ तापला की पोत अंगावरून फिरवतात. आमच्यात पोताला 'लावली' किंवा 'पेटवली' म्हणत नाहीत, 'पाजळली'च म्हणतात. 'प्रज्वल'पासूनचा शब्द आहे ना हा? आणि बाहेर तोच शब्द 'अक्कल पाजळू नको' एवढ्यापुरताच उरलाय. फार वाईट वाटतं. तसंच दिवटीचं. दिवटी देवघरात देवीशेजारी असते, आणि वाया गेलेल्या पोराला 'दिवटा' म्हणतात.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल सांगायचं तर आमची दिवटी दुधानं शांत करतात. आजोबा वाटीतलं दूध पळीनं दिवटीवर सोडायचे. चर्र आवाज व्हायचा, आणि जळक्या दुधाचा तो वास म्हणजेच कार्य पार पडलं, असं आम्हा पोरांना वाटायचं. भुकेल्या लेकराला दूध पाजून निजवावं तसं. 'शांत' शब्द आमच्या घरी याच अर्थानं आहे.

छत्रपती संभाजीनगर :
हो, प्रज्वलपासूनच. उज्ज्वलचं उजळणे झालं तसं. पाढ्यांची उजळणी त्याच घरातली.

एक राहिलं. 'निर्वाण' या शब्दाचा मूळ अर्थच दिवा मालवणं. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प आहे. उजव्या कुशीवर पहुडलेले बुद्ध, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कसलीही ओढाताण नाही. 'दिवा शांत झाला' म्हणताना तुमच्या आईच्या मनात जे असेल, ते त्या चेहऱ्यावर आहे. परंपरा वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ मी करणार नाही. पण ज्योत बुडाली म्हणजे काहीतरी बिघडलं असं न मानणं, एवढं दोन्हींकडं आहे.

बीड :
माझ्या सासूबाई 'दिव्याला पदर दिला' म्हणायच्या. पदराच्या वाऱ्यानं दिवा शांत करायच्या म्हणून तसं. 'निरोप दिला' असंही म्हणायच्या. जुन्या कोशांत हे दोन्ही वाक्प्रचार आहेत. आता साडी रोजची राहिली नाही, तसा हा शब्दही गेला. माझ्या सुनेला सांगितलं तर म्हणाली, "आई, ओढणी चालेल का?" मी म्हटलं चालेल.

धाराशिव :
पदर देणे! वहीत उतरवून घेतला. सगळ्यांचे शब्द काल आईला वाचून दाखवले. दुधाचं ऐकून ती म्हणाली, तिच्या माहेरीही तसंच करायचे, इकडं आल्यावर राहून गेलं. संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिच्या खोलीवर तिनं देवापुढं पणती लावायला सुरुवात केली आहे. विचारत होती, "आत्या, झोपताना तिला काय म्हणू?"

मी फोन आईकडं दिला.