आमच्याकडे ६१७४ चालतो

चौथीतला मुलगा शाळेतून येतो तोच तापलेला, मोबाइल न देता त्याला कशात गुंतवू, असं वर विचारलंय. सुडोकू, बुद्धिबळ सुचवून झालंय, म्हणून माझी भर कापरेकरांची.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ ची गंमत शोधली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी तिथे येतेच. नाही आली तर हातचा चुकलाय. माझी लेक तो स्वतःच शोधत बसते, मला सांगावं लागत नाही. (गृहपाठातली वजाबाकी म्हटली की मात्र पोटात दुखतं!) हल्ली रिक्षांचे नंबर टिपून आणते.

पण हे आल्या आल्या नको. आधी खायला द्या, मग मटार सोलायला बसवा. शेंग अंगठ्याने दाबली की फट्‌ आवाज होतो, दाणे वाटीत टपटपतात. निम्मे तोंडात जातात, जाऊ देत. दहाएक मिनिटांत आवाज खाली येतो, शाळेत कोणाशी काय झालं तेही आपसूक बाहेर पडतं. मटार नसतील तेव्हा शेंगदाण्यांची सालं काढायला देते. पंखा तेवढा बंद करा.